अ‍ॅस्मोडिअसचा सातबारा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. नववीत आहे, मोबाइलवर एक चिनी गेम खेळतो. त्यातल्या एका देवाचं नाव बार्बातोस, दुसऱ्याचं मोरॅक्स, आणि खेळणाऱ्याला वाट दाखवणारी जी चिमुकली उडती पोर आहे तिचं नाव पायमन. पोराने ही नावं इंटरनेटवर शोधली, तर समोर आली 72 डेमनांची यादी. प्रत्येकाचा हुद्दा, प्रत्येकाची वेटोळ्यांची मुद्रा, आणि त्याला कसं बोलवायचं याच्या सूचना. ताईने मागून डोकावून पाहिलं आणि तिच्या हातातलं उलथनंच खाली पडलं. "बघ रे जरा, हे काय नवीन सुरू केलंय याने?"

भाच्याची काळजी वेगळीच होती. यादीतल्या 32 व्या नंबरच्या अ‍ॅस्मोडिअसवर तो फिदा झाला होता. तीन डोकी, सापाची शेपटी, बदकासारखे पाय आणि बसायला ड्रॅगन. "मामा, हा एवढा पॉवरफुल दिसतो, मग याला गणित शिकवायचं काम का दिलंय?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर शोधताना मला सातबारा आठवला. जमिनीचा आजचा मालक कोण, हे सातबाऱ्यावर दिसतं. पण ती त्याच्याकडे आली कशी हे समजून घ्यायचं, तर जुन्या फेरफार नोंदी काढाव्या लागतात. अ‍ॅस्मोडिअसचं तसंच आहे. इंटरनेटवर दिसतो तो आजचा उतारा. खालचे फेरफार दोन हजार वर्षांहून जुने आहेत आणि ते निरनिराळ्या भाषांत, एकमेकांशी न पटणाऱ्या धर्मांनी केलेले आहेत.

आधी तीन शब्द

'ग्रिम्वार' म्हणजे युरोपातली मंत्रतंत्राची पोथी. वर्तुळ कसं आखायचं, कुठल्या वारी काय जाळायचं, कुणाला कोणत्या नावाने हाक मारायची, हे सांगणारं पुस्तक. हा फ्रेंच शब्द ज्या शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ आहे व्याकरण! कारण साधं आहे. मध्ययुगात शिकलेल्यांची पुस्तकं लॅटिनमध्ये असायची. शेतकऱ्याला त्यातलं काही कळायचं नाही. न कळणाऱ्या भाषेत कुणी तरी पुटपुटतोय, म्हणजे नक्कीच काही तरी करणी चाललीय. आजही डॉक्टरच्या अक्षराकडे आपण थोडंफार तसंच बघतो.

'डेमन' हा शब्द ग्रीक 'दायमोन'वरून आला. ग्रीकांच्या लेखी दायमोन वाईटच असतो असं नव्हतं. देव आणि माणूस यांच्या मधली कुठलीही अदृश्य शक्ती, एवढाच अर्थ. ख्रिस्ती लेखकांनी त्या सगळ्यांना एकाच टोपलीत घालून 'दुष्ट' अशी चिठ्ठी लावली. मराठी बायबलात त्यांना 'भुते' म्हटलंय. राक्षस, पिशाच आणि भूत यांत आपण जो फरक करतो तो तिकडच्या शब्दांवर नेमका बसत नाही, म्हणून मी पुढे 'डेमन'च म्हणणार आहे.

'सैतान' हे आणखी निराळं प्रकरण. हिब्रूमध्ये त्याचा अर्थ विरोधक, जवळजवळ फिर्यादी पक्षाचा वकील. अ‍ॅस्मोडिअस सैतान नाही. नंतरच्या पोथ्यांत तो सैतानाच्या राज्यातला एक मांडलिक राजा झाला, ती गोष्ट वेगळी.

पहिली नोंद: इराण

बहुतेक अभ्यासकांच्या मते अ‍ॅस्मोडिअसचं नाव मूळचं इराणी आहे. झरथुष्ट्री धर्माच्या अवेस्ता या ग्रंथात 'ऐश्म' नावाची शक्ती आहे. ऐश्म म्हणजे क्रोध, हाती रक्ताने माखलेली गदा घेतलेला. त्याला 'दएव' ही उपाधी जोडली की 'ऐश्म-दएव', आणि त्याचंच पुढे अ‍ॅस्मोडिअस.

दएव म्हणजे आपला 'देव' शब्दच. एकाच मुळातून फुटलेल्या दोन भाषांपैकी आपल्याकडे देव पूज्य राहिले आणि असुर खलनायक ठरले. इराणात 'अहुर' हा परमेश्वर झाला आणि दएव दुष्ट. भाऊबंदकीत एकाच आजोबाला एका घराने देव्हाऱ्यात ठेवावं आणि दुसऱ्याने त्याचं नावही घेऊ नये, तसं झालं.

ऐश्माचा कायमचा प्रतिस्पर्धी आहे स्रओश, म्हणजे आज्ञापालनाचा यजत, पूज्य मानलेली दैवी शक्ती. तो आपल्यापासून फार लांब नाही. मुंबईच्या पारशी घरांत आजही 'सरोश बाज' ही प्रार्थना म्हटली जाते आणि मुलाचं नाव सरोश ठेवलं जातं. तो सरोश ज्याच्याशी लढतो, त्याचाच युरोपातला वारस म्हणजे भाच्याच्या मोबाइलवरचा तीन डोक्यांचा राजा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथे तो राग आहे, वासना नाही. वासनेचा डेमन म्हणून त्याचा बोलबाला झाला तो नंतर, एका लग्नघरामुळे.

दुसरी नोंद: सात नवरदेव

टोबीतचं पुस्तक इसवी सनापूर्वी साधारण तिसऱ्या किंवा दुसऱ्या शतकातलं. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलात ते आहे, प्रोटेस्टंट बायबलातून ते बाहेर ठेवलं गेलं. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या गुंडाळ्यांतही त्याचे अरेमाइक आणि हिब्रू तुकडे मिळाले.

गोष्ट अशी. एकबताना शहरात, म्हणजे आजच्या इराणात, सारा नावाची मुलगी आहे. तिची सात लग्नं झाली आणि सातही नवरे पहिल्याच रात्री मेले. मारणारा अ‍ॅस्मोडिअस. घरातल्या दासीसुद्धा साराला टोचून बोलतात, 'नवरे खाणारी' म्हणतात. पांढऱ्या पायाची म्हणून सुनेला बोल लावणारी घरं आपल्याला नवीन नाहीत. बिचारी जीव द्यायला निघते.

मग तोबियास हा तरुण येतो. त्याच्यासोबत वाटाड्याच्या वेषात राफाएल हा देवदूत आहे. वाटेत तिग्रिस नदीत तोबियासने एक मासा धरलेला असतो, त्याचं काळीज आणि यकृत जपून ठेवलेलं. लग्नाच्या रात्री ते धूपाच्या निखाऱ्यांवर टाकायचं, एवढाच उपाय. त्या वासाने अ‍ॅस्मोडिअस जो पळत सुटतो तो थेट वरच्या इजिप्तपर्यंत. राफाएल मागोमाग जाऊन त्याला बांधून टाकतो. इकडे मुलीच्या बापाने रात्रीच आठव्या जावयासाठी खड्डा खणून ठेवलेला असतो. तो त्याला पहाट व्हायच्या आत गुपचूप बुजवावा लागतो. धर्मग्रंथातला हा प्रसंग वाचताना मला तरी हसू आवरलं नाही.

या एका गोष्टीने अ‍ॅस्मोडिअसची नोंद बदलली. नवरा-बायकोच्या मध्ये येणारा, शेजेवर डोळा ठेवणारा, अशी त्याची ख्याती झाली. पुढे 1589 मध्ये पीटर बिन्सफेल्ड या जर्मन धर्माधिकाऱ्याने सात महापापं सात डेमनांना वाटून दिली, तेव्हा वासनेचं खातं आपसूक याच्याकडे गेलं. हा बिन्सफेल्ड चेटकिणींच्या खटल्यांचा कट्टर समर्थक होता.

तिसरी नोंद: शलमोनाचा कैदी

आता माझी सर्वात आवडती नोंद. इथला अ‍ॅस्मोडिअस वाचला की त्याच्याविषयी चक्क माया वाटते.

साधारण पाचव्या-सहाव्या शतकात संकलित झालेल्या बाबिलोनी तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या महाग्रंथात, त्याचं नाव अश्मदाय आहे आणि तो भुतांचा राजा आहे. बायबलातल्या शहाण्या शलमोन राजाला यरुशलेमचं मंदिर बांधायचंय, पण बायबल सांगतं की बांधकामाच्या जागी लोखंडी हत्याराचा आवाज ऐकू आला नाही. मग दगड कापले कशाने? तालमूदचं उत्तर: 'शामीर' नावाच्या चमत्कारिक किड्याने. आणि तो किडा कुठे मिळेल हे फक्त अश्मदायला माहीत.

अश्मदाय एका डोंगरावर राहतो. तिथे त्याची पाण्याची विहीर आहे. तिच्यावर दगड ठेवून तो शिक्का मारून जातो आणि परतल्यावर शिक्का तपासूनच पाणी पितो. दिवसभर कुठे असतो? स्वर्गातल्या पाठशाळेत धर्मशास्त्र शिकायला! शलमोनाचा सरदार बनाया विहिरीतलं पाणी खालून काढून घेतो आणि वरच्या बाजूने दारू भरतो. अश्मदाय आधी दारूविरुद्धची वचनं म्हणत स्वतःला आवरतो, पण शेवटी तहान जिंकते. तो झिंगून पडला की देवाचं नाव कोरलेली साखळी त्याच्या गळ्यात.

दरबाराकडे नेत असताना तो चुकलेल्या आंधळ्याला वाटेवर आणून सोडतो. एका दारुड्यालाही सोडतो. लग्नाची वरात दिसते तर रडतो. कुणी तरी चांभाराला सात वर्षं टिकतील असे जोडे करायला सांगत असतं, ते ऐकून हसतो. नंतर कारण विचारल्यावर सांगतो, तो नवरदेव तीस दिवसांत मरणार होता, आणि जोडे मागणाऱ्याकडे सात दिवसही उरले नव्हते. एक ज्योतिषी लोकांना गुप्त गोष्टी सांगत बसला होता, त्यालाही हा हसला होता. त्याच्याच बुडाखाली राजाचा खजिना पुरलेला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

मंदिर बांधून होतं. एके दिवशी शलमोन विचारतो, तुम्ही भुतं आमच्यापेक्षा थोर कशी? अश्मदाय म्हणतो, साखळी काढ आणि तुझी अंगठी माझ्या हातात दे, दाखवतो. राजा देतो. (एवढा शहाणा राजा, पण कुतूहल आवरेना.) अश्मदाय एक पंख जमिनीला आणि एक आभाळाला टेकवून त्याला चारशे परसंग लांब फेकून देतो, स्वतः सिंहासनावर बसतो. परसंग म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर. शलमोन दारोदार भीक मागत फिरतो, 'मी यरुशलेममध्ये राजा होतो' म्हणतो, लोक वेडा समजतात. शेवटी पंडितांना शंका येते. हा वेडा एकच गोष्ट का धरून बसलाय? वेडे असं करत नाहीत. ते राणीवशात चौकशी करतात, राजाचे पाय पाहा. निरोप येतो, महाराज हल्ली मोजे घालूनच येतात. भुतांचे पाय कोंबड्यासारखे असतात, अशी समजूत त्याच ग्रंथात अन्यत्र दिली आहे.

शलमोन परततो, अश्मदाय उडून जातो. पण भीती जात नाही. बायबलातल्या गीतरत्न या काव्यात शलमोनाच्या पलंगाभोवती साठ वीर तलवारी घेऊन उभे असल्याचं वर्णन आहे. तालमूद ते या भीतीशी जोडतं.

इथला डेमन पाप्यांचा सम्राट नाही. तो शिकतो, रडतो, वाटाड्याचं काम करतो आणि माणसाला नको तितकं खरं सांगतो. आपल्याकडे वेताळ एका गोष्टीत प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो आणि गोव्यात आमोण्याला देवळात बसून गाव राखतो. त्याच जातीचा हा प्राणी.

त्याच सुमारास मेसोपोटेमियातली सामान्य माणसंही अश्मदायला ओळखत होती. मातीच्या वाडग्यांत आतून गोलगोल मंत्र लिहून ते घरात पालथे पुरायचे, भूतबाधा अडावी म्हणून. त्या लिखाणांतही त्याचं नाव सापडतं.

पण मग तीन डोकी आली कुठून?

युरोपात शलमोनाची कीर्ती 'भुतांना राबवणारा राजा' अशी पसरली. भुतांवर पुस्तक लिहायचं तर लेखक म्हणून त्याच्याइतकं वजनदार नाव दुसरं कुठलं? त्यामुळे कितीतरी पोथ्या शलमोनाच्या नावावर खपल्या. आपल्याकडे कुणाही अनामिक कवीने अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' जोडून द्यावं, तशी.

त्या परंपरेतली सर्वात गाजलेली यादी छापणारा माणूस मात्र मांत्रिक नव्हता. तो डॉक्टर होता. योहान वायर हे त्याचं नाव. आजच्या जर्मनीतल्या क्लेव्हच्या ड्यूकचा तो राजवैद्य. त्या काळात म्हाताऱ्या, एकट्या, गरीब बायकांना चेटकीण म्हणून जाळलं जात होतं. वायरने 1563 मध्ये मोठा ग्रंथ लिहून सांगितलं की यातल्या कितीतरी बायका आजारी आहेत, त्यांच्या मनाचा आजार त्यांना नको ते कबूल करायला लावतो. त्यांना शिक्षेची नाही, वैद्याची गरज आहे.

1577 च्या आवृत्तीला त्याने एक परिशिष्ट जोडलं: 'डेमनांचं खोटं साम्राज्य' अशा अर्थाचं शीर्षक आणि 69 डेमनांची यादी. जुन्या हस्तलिखितातून उतरवलेली. हेतू असा की मांत्रिक लोक कसला पोरखेळ करतात ते जगाला दिसू दे. कुणी वेडा प्रयोग करून बघेल म्हणून काही भाग त्याने मुद्दाम गाळले. परिणाम उलटा झाला. थट्टा विसरली गेली, यादी राहिली.

अ‍ॅस्मोडिअस या यादीत 'सिदोनाय ऊर्फ अस्मोदाय' म्हणून येतो. डोकी तीन, बैलाचं, माणसाचं आणि मेंढ्याचं. सापाची शेपटी, तोंडातून ज्वाळा, हंसबदकाचे पाय. ड्रॅगनवर बसलेला, हातात भाला आणि निशाण. हाताखाली 72 पलटणी. तो अंकगणित, भूमिती, खगोलशास्त्र आणि सगळी हस्तकौशल्यं शिकवतो, पुरलेलं धन दाखवतो, माणसाला अदृश्य करतो आणि एक अंगठी देतो.

कॉपी कशी पकडली गेली

भाच्याने पाहिलेली यादी 72 जणांची. ती आहे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या 'लेमेगेटोन' नावाच्या हस्तलिखित पोथीतली. तिच्या पहिल्या भागाला 'गोएटिया' म्हणतात, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जादूटोणा. पोथी दावा करते की हे शलमोनाचं ज्ञान आहे.

परीक्षेत शिक्षक कॉपी कशी पकडतात? दोघांची उत्तरं बरोबर असतील तर काहीच सिद्ध होत नाही. दोघांची चूक एकच असेल तर सापडले. इथे तेच झालं. वायरच्या यादीत चौथ्या क्रमांकावर प्रुफ्लास नावाचा डेमन होता. 1584 मध्ये रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रजाने ती यादी आपल्या पुस्तकात भाषांतरित केली, त्यात प्रुफ्लास गळाला. आणि शलमोनाची म्हणवणाऱ्या पोथीतही नेमका प्रुफ्लासच नाही! म्हणजे पोथीकाराच्या टेबलावर स्कॉटचं पुस्तक उघडं होतं, हा अभ्यासकांचा निष्कर्ष. गंमत म्हणजे स्कॉटही वायरसारखाच चेटकिणींच्या छळाविरुद्ध लिहीत होता. डेमन बोलवायला निघालेल्यांनी आपली सामग्री उचलली ती दोन संशयवाद्यांकडून.

एक गेला, चार नवे आले, 69 चे 72 झाले. 72 च का? ज्यू गूढपरंपरेत देवाचं 72 भागांचं नाव प्रसिद्ध आहे. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातल्या लागोपाठच्या तीन वचनांत, प्रत्येकी 72 अक्षरं मोजून ते काढतात. आकड्याला आधीच मान होता, यादीने तो घेतला. आणि त्या वेटोळ्यांच्या मुद्रा? वायरच्या यादीत एकही नव्हती. त्या या पोथीबरोबर आल्या. सॅम्युअल मॅथर्सने केलेलं संपादन अ‍ॅलिस्टर क्रोलीने 1904 मध्ये छापलं (दोघेही गूढविद्येच्या नादातले इंग्रज) आणि तिथून त्या टीशर्टापर्यंत पोचल्या. त्या छापील आवृत्तीत वाटेत आणखी एक फेरफार झालेला दिसतो. अ‍ॅस्मोडिअस माणसाला 'अदृश्य' करायचा, तो आता 'अजिंक्य' करतो. इंग्रजीत दोन शब्द दिसायला जवळचे आहेत, नकलणाऱ्याची नजर चुकली असणार.

तीन डोकी आणि गणिताचा मास्तर

आता भाच्याचा प्रश्न. नोंदी माहीत असल्या की वर्णन बरंच उलगडतं.

गणित, भूमिती आणि हस्तकौशल्य त्याच्याकडे का? कारण तालमूदमध्ये तो मंदिराच्या बांधकामातला कैदी होता. भूमिती हे गवंड्याचं शास्त्र. ग्रीक भाषेतल्या 'शलमोनाचं मृत्युपत्र' नावाच्या जुन्या ग्रंथातही शलमोन त्याला मंदिराच्या कामाला जुंपतो. अंगठी देतो, कारण त्याच्या गोष्टीत अंगठी आहेच, फक्त तेव्हा त्याने ती घेतली होती. पुरलेलं धन दाखवतो, कारण ज्योतिष्याच्या बुडाखालचा खजिना त्यानेच पाहिला होता. पाय पक्ष्याचे, कारण मोज्यात लपवलेले ते कोंबड्याचे पाय. कोंबड्याचा हंसबदक का झाला, त्यात मी डोकं घालत नाही. ही जोडणी ठिकठिकाणी माझी आहे, पोथीकाराने असं टिपण ठेवलेलं नाही. पण धागे इतके सरळ आहेत की योगायोग म्हणवत नाही.

बैल आणि मेंढा वासनेचे प्राणी मानले जात, मधे माणसाचं डोकं, हे वाचन नेहमीचं आहे आणि मला पटतंही. टोबीतच्या लग्नघराची ती सावली.

उरला राजेपणा. पोथीत कुणी राजा, कुणी ड्यूक, कुणी मार्क्विस, कुणी काउंट, प्रत्येकाला ठरावीक पलटणी. म्हणजे युरोपातली सरंजामशाही जशीच्या तशी पाताळात. ज्याला वरचं जग मनसबी आणि जहागिऱ्यांचं दिसतं, त्याला खालचंही तसंच सुचणार. अ‍ॅस्मोडिअसला बोलवण्याचे शिष्टाचारही दरबारी आहेत. बोलवणाऱ्याने पूर्णवेळ उभं राहायचं, डोक्यावरची टोपी काढायची, नाही तर त्याचा वरिष्ठ अमायमोन दगा देईल. मग विचारायचं, 'तू अस्मोदाय आहेस का?' तो नाकारणार नाही. आपल्याकडे दरबारात उघड्या डोक्याने जाणं हा अपमान, तिकडे टोपी न काढणं हा. पेशव्यांच्या काळात कुणी अशी पोथी मराठीत केली असती तर अ‍ॅस्मोडिअससमोर पागोटं घालूनच उभं राहावं लागलं असतं.

"एवढं हसण्यासारखं असेल, तर लोक घाबरले कशाला?"

कारण पोथीतला डेमन हास्यास्पद असला तरी न्यायालयातला नव्हता.

फ्रान्समध्ये लूदँ नावाचं गाव आहे. 1632 मध्ये तिथल्या उर्सुलाइन मठातल्या जोगिणी अंगात आल्यासारख्या किंचाळू लागल्या. मठाची प्रमुख जान देझांज हिच्या अंगात जे डेमन असल्याचं सांगितलं गेलं त्यांत अ‍ॅस्मोडिअस होता. बोट दाखवलं गेलं उर्बँ ग्रांदिए या धर्मगुरूकडे. देखणा, वक्ता, बायकांच्या भानगडींसाठी बदनाम आणि फ्रान्सच्या राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याच्या मर्जीतून उतरलेला. मांत्रिक-पाद्री भरचौकात भुतं उतरवू लागले, लांबून लोक बघायला येऊ लागले.

त्या खटल्यातला एक कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अ‍ॅस्मोडिअसच्या सहीचं हमीपत्र! या बाईच्या शरीरातून निघताना तिच्या हृदयाखाली टाचणीएवढी चीर पाडीन, ती कपड्यांतून आरपार जाईल, रक्त दिसेल. उद्या 20 मे, शनिवार, संध्याकाळी पाच वाजता आणखी दोन डेमन तसंच करतील. वार, वेळ, साक्ष, सगळं. तलाठ्याने केलेल्या पंचनाम्यासारखा मजकूर, आणि सही भुताची. 18 ऑगस्ट 1634 रोजी ग्रांदिएला जिवंत जाळलं. जोगिणींचे झटके त्यानंतरही काही वर्षं चालू राहिले. मारलेला माणूस हेच कारण असतं तर ते तिथेच थांबायला हवे होते, एवढं गणित कुणीही करू शकतं.

वायरचा ग्रंथ येऊन तेव्हा सत्तर वर्षं उलटली होती.

पाय अधू, जीभ तिखट

पुढे भीती ओसरली तसा अ‍ॅस्मोडिअस करमणुकीत आला. 1707 मध्ये लसाज या फ्रेंच लेखकाने एक स्पॅनिश कादंबरी नव्याने रचली. त्यात तो कुबड्या घेतलेला लंगडा डेमन आहे, बाटलीत कोंडलेला. एक विद्यार्थी त्याला सोडवतो. उपकार म्हणून तो त्याला उंचावर नेऊन माद्रिदमधल्या घरांची छपरं उचलून दाखवतो, आत कोण काय करतंय ते. आंधळ्याला वाट दाखवणाऱ्या आणि ज्योतिष्याला हसणाऱ्या अश्मदायची ती नक्कल मला वाटते, लेखकाला ते ठाऊक असो वा नसो.

आज इंटरनेटवर फिरणारं ड्रॅगनस्वार चित्र 1863 चं, लुई ल ब्रेताँचं. कॉलें द प्लांसीच्या डेमनकोशाच्या सचित्र आवृत्तीसाठी काढलेलं. हा ल ब्रेताँ खरं तर जहाजांची आणि समुद्राची चित्रं काढणारा.

"पण यादीतली बाकीची नावंही अशीच का?"

सगळी नाहीत, पण काही आणखी दुःखी आहेत. पहिल्या क्रमांकाचा बाएल म्हणजे कनानी लोकांचा देव बाल. 29 वा अ‍ॅस्टारॉथ म्हणजे अ‍ॅस्टार्टी, ती तर देवी होती. पोथीत ती पुरुष झाली, ड्यूक झाली आणि तोंडाला दुर्गंधी येणारा ड्यूक झाली. एका धर्माचा पराभव दुसऱ्या धर्माच्या यादीत कसा नोंदला जातो, त्याचा हा नमुना.

"पोराला हे बघू द्यायचं की नाही?"

ताईचा प्रश्न. मी म्हटलं, गेममधलं नाव उच्चारून काही येत नाही, पोथीतले मंत्र म्हणूनही येत नाही. ज्याने यादी छापली त्याने ती मांत्रिकांची थट्टा करायलाच छापली होती. काळजी करायची असेल तर दुसऱ्या गोष्टीची कर. 'तुझ्या मुलात अमुक डेमन आहे, एवढे पैसे दे, काढून देतो' असं सांगणारा भेटला, इंग्रजीत भेटला किंवा मराठीत, तर पोराला घेऊन आधी डॉक्टरकडे जा. ताई म्हणाली, डॉक्टरकडे तर मी त्याच्या चष्म्याच्या नंबरासाठी नेणारच आहे.

भाच्याला मात्र चित्रकलेच्या वहीत अ‍ॅस्मोडिअस काढायचा होता. "मामा, सगळ्यात ओरिजिनल कसा दिसायचा? तो काढतो."

मी टोबीतचं पुस्तक पुन्हा चाळलं. त्यात त्याचं वर्णनच नाही. डोकी किती, पाय कसले, रंग कुठला, एक अक्षर नाही. तो सात जणांना मारतो आणि धुराच्या वासाने पळतो, बस्स.

"मग काढू काय?"

"मासा काढ," म्हटलं.